एरंडेलावर चालणारी घोडी

५ ऑगस्ट १९३४, रविवार

मोटारीचं हँडल अकरा वेळा मारलं. बाराव्याला शिंकली, खोकली, चालू झाली. उजव्या मनगटात अजून कळ आहे, पण तक्रार नाही.

उस्मान मिस्त्री शेजारी. अक्कलकोट रस्त्यानं बारा मैल जाऊन आलो. पाऊस उघडलेला. रब्बीसाठी मोकळी ठेवलेली काळी रानं, मधून बाजरीचे पट्टे, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सरळ पट्टा लागला तसा मिस्त्री म्हणाला, "अब छोडो साब." सोडली. टोपी उडाली, परत जाऊन आणली. अशा वेळी मी सत्तेचाळीस वर्षांचा नसतो, वकील नसतो, कुणाचा कोणीच नसतो.

आज घोडीला घरी येऊन सहा वर्षं झाली. गिरणीतला साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा जाता जाता माझ्या गळ्यात मारून गेला. तेव्हाच ती आठ वर्षांची. दोनच माणसं बसतात, टप धड नाही, सामानाला जागा नाही. सगळं गाव हसलं. साहेबानं एकच ताकीद दिली होती: शर्यतीचं इंजिन आहे, एरंडेलाशिवाय दुसरं तेल हिच्या पोटात जाता कामा नये. ते मी वेदवाक्य मानलं. घोडी गेली की मागं एरंडेलाच्या धुराचा वास राहतो आणि पोरं नाक धरून पळतात. मला तो वास आवडतो. सौ.ला नाही.

९ ऑगस्ट, गुरुवार

दोन दिवस झिमझिम. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोत ओल. कोर्टात टांग्यानं. बाररूममध्ये नेहमीचंच, "काय हो, घोडीला जुलाब झाले का?" एरंडेलावरून सहा वर्षं हा एकच विनोद चालवतायत. बुद्धी म्हणावी तर एवढीच.

संध्याकाळी मिस्त्री आला. सौ.कडून शेगडी मागून घेतली, अंगणात मॅग्नेटो उघडून शेकत बसला, जणू बाळंतीणच. "बूढी हुई साब. बूढों कू गर्मी होना." या माणसाचे हात पाहत राहावेत. सगळ्या सोलापुरात इंजिनाला कान लावून दुखणं सांगणारा हा एकच. भावाशी बोललो नसेन एवढं सहा वर्षांत याच्याशी बोललोय.

तेल्याकडून एरंडेलाचा नवा डबा आला, कोठीत ठेवला. मिस्त्रीला लागेल तेव्हा सौ. त्यातून किटली भरून ओट्यावर ठेवते, तो उचलून नेतो. अशीच रीत पडली आहे. सौ. म्हणाली, "देवाच्या समईला एवढं तेल येत नाही या घरात." म्हटलं, देव काय चाळीस मैलांच्या वेगानं पळतो का? ती समई पुसायला लागली.

१५ ऑगस्ट, नागपंचमी

आज घरात तळायचं नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. उकडलेली दिंडं, वर तूप. चार खाल्ली.

दुपारी मिस्त्रीनं इंजिन चालवून पाहिलं. बॉनेटवर नाक नेऊन उभा राहिला. "साब, तेल का बास बदल्या. भज्ये तले सरीका आरा." मी म्हटलं, मिस्त्री, भूक लागलीय तुला. हसला नाही. "एरंडेल का बास मेरेकू नींद में बी समजता."

खरं तर मलाही तसाच वास आला. पण नागपंचमीला सगळ्या गावाच्या नाकाला तळणाचीच आठवण होत असेल, असं म्हणून विषय सोडला. उरलेली दिंडं सौ.नं द्रोणात बांधून त्याला दिली.

२६ ऑगस्ट, रविवार

घोडी ओढत नाही. चढावर धापा टाकते. धूर पांढरा होता तो निळसर झाला, आणि वास तोच, तळणीचा. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "दो दिन दो साब. तेल निकालके अंदर देखना."

दोन दिवस कुठून देऊ? गुरुवारी माढ्याला तारीख. अशिलाला मोठ्या तोऱ्यात सांगून बसलोय, मी माझ्या मोटारीनं येतो. म्हटलं, आल्यावर बघ. त्यानं फडकं खांद्यावर टाकलं आणि "तुम्हारी मर्जी" एवढंच म्हणाला. त्याचं "तुम्हारी मर्जी" मला कधीच आवडत नाही.

३० ऑगस्ट, गुरुवार

फजिती. फजिती. फजिती.

सौ. सकाळी म्हणाली होती, "आगगाडीनं जा की." नाही ऐकलं. लांबोटीच्या अलीकडे घोडीनं एक किंकाळी फोडली नि जागच्या जागी आखडली. मिस्त्रीनं उतरून हँडल घातलं, हँडल हलेना. त्यानं दोन्ही हात हँडलवर तसेच ठेवले आणि बराच वेळ मान वर केली नाही.

एक शेतकरी बैलजोडी घेऊन चालला होता. थांबला. "पाणी दावलं का तिला?"

म्हटलं, पाणी भरपूर आहे.

"मग दमली आसंल. आमी दोरखंड लावतो की. मोटारीला बैल, हे बी बगायचं ऱ्हायलं व्हतं." त्याची बायको बांधावर उभी राहून पदरात हसत होती. वकिलीचा काळा कोट, गळ्यात बँड, आणि पुढं दोन खिलार बैल. लांबोटीपासून सोलापूरपर्यंत ज्यांनी ज्यांनी पाहिलं ते सगळे मी मेलो तरी हेच सांगतील.

माढ्याची तारीख माझ्याविना पुकारली गेली.

१ सप्टेंबर, शनिवार

माढ्याचा अशील आला होता. "पहाटंधरनं बसलो व्हतो की सायेब तितं. तुमी न्हाय, तुमची मोटार न्हाय." ओरडला असता तर बरं होतं. नुसता बसून राहिला. मी पुढची तारीख मागून घेतो म्हटलं तर म्हणाला, व्हय, मागा की. आणि उठून गेला.

३ सप्टेंबर, सोमवार

मिस्त्रीच्या दुकानात घोडी उघडली. पोट उघडं टाकलेल्या जनावराकडे पाहवत नाही तसं झालं. पिस्टनवर, नळ्यांत, सगळीकडे पिवळी चिवट साय. नखानं खरवडली तर चामड्यासारखी निघते. मिस्त्रीनं तिचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"साब, ये एरंडेल नई. तेल घर से ऐसाच आया."

माझं डोकं सणकलं. घर से? म्हणजे माझ्या घरात भेसळ होते? तो म्हणाला, मैं वैसा नई बोला. मग कसं बोलला? मान खाली घालून पाना पुसत बसला.

साय कागदात बांधून घेऊन पटवर्धनकडे गेलो. नवा गॅरेजवाला, पुण्याहून शिकून आलेला, भिंतीवर चौकटीत सर्टिफिकेट. त्यानं साय काडीवर धरून जाळली, हुंगली. "करडई आहे, वकीलसाहेब. करडईचं तेल कढलं की रोगण होतं. मोटेच्या चामड्याला लावतात ना, तेच. तुमचं एरंडेल कुणीतरी काढून घेतंय आणि वर हे ओततंय." कुणीतरी. एरंडेल महाग, करडई घरोघर. किटली जाते कुठं? मिस्त्रीकडे. तिथं दिवस दिवस पडून असते.

घरी येऊन सौ.ला विचारलं, डब्याला कुणी हात लावतं का? "मी कशाला लावू?" म्हणाली आणि पोळपाटाकडे वळली. स्वतः कोठीत जाऊन डबा पाहिला. काठोकाठ भरलेला, जागच्या जागी. म्हणजे घरात काही नाही.

म्हणजे तोच.

४ सप्टेंबर, मंगळवार

बाजाराचा दिवस. त्याच्या दुकानासमोर टांग्यांची रांग, माणसांची जत्रा. मी ठरवून गेलो नव्हतो असं लिहिलं तर ते खोटं होईल. चार लोकांसमोरच बोलायचं होतं मला.

बोललो. सहा वर्षं सख्ख्या भावासारखं वागवलं, तू माझ्या एरंडेलावर तुझी चूल पेटवलीस. तेलचोर आहेस तू. आवाज कोर्टातला लावला होता. टांगेवाले गोळा झाले. डॉक्टरांची गाडी दुरुस्तीला उभी होती, त्यांचा ड्रायव्हर तोंड उघडं टाकून ऐकत होता.

मिस्त्री एक शब्द बोलला नाही. माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, जमलेल्या लोकांकडे. दुकानात असलेले घोडीचे सगळे सुटे भाग फडक्यात बांधले, मोजून माझ्यापुढं ठेवले. हँडल सगळ्यात वर.

बैल लावून घोडी घरी आणली. दुसऱ्यांदा बैल. या वेळी लाज वाटली नाही, एवढा राग होता.

९ सप्टेंबर, रविवार

पहिला रविवार, ज्याला जायला जागा नाही.

डॉक्टर भेटले. त्यांनी गाडी पटवर्धनकडे नेली. "तुमच्यासारख्याला फसवलं, मग आमची काय कथा!" कापडवाल्या शेटजींची लॉरीही नेली म्हणे. बरं झालं वाटायला हवं होतं. थोडं वाटलं.

पण आठवतं ते भलतंच. तीन वर्षांमागं तुळजापूरच्या घाटात ब्रेक गेला तेव्हा यानं उडी मारून चाकामागं धोंडा घातला होता. बोटाचं नख गेलं. चोरानं असं का करावं? केलं असेल. विश्वास बसावा म्हणूनच केलं असेल. असं मनाला समजावलं की तास-दोन तास बरे जातात. फसवलं गेल्याचं दुःख फसवणुकीपेक्षा मोठं असतं, कारण मागची सगळी वर्षं पुन्हा तपासावी लागतात. सहा वर्षांच्या रविवारांची उलटतपासणी घेत बसलोय.

जेवताना सौ. म्हणाली, "मिस्त्रीच कशावरून?" मी ताटावरून ओरडलो. डबा भरलेला आहे, किटली त्याच्याकडे असते, अजून काय पुरावा हवा? ती ताक वाढून आत गेली.

२० सप्टेंबर, गुरुवार

गणपती आले, गेले. पटवर्धन दोनदा घरी येऊन गेला. पुस्तक उघडून बसतो. या मॉडेलची माहितीच नाही त्यात. दोन नट पिळून तोडले. म्हणतो, "हिला मोडीत घाला, नवी बंद गाडी घ्या." पोरसवदा नाही, चांगला तिशीचा माणूस, आणि घोडीकडे असं बघतो की भंगार तोलतोय.

एकदा छपरीत जाऊन नुसता बसलो तिच्यात. चामड्याची शिवण सुटलीय. स्टीअरिंग धरलं. समोर भिंत. सौ. दारातून बघत होती, मी पाहिल्यावर गेली.

बोलत नाही हल्ली फारशी. मला वाटतं माझ्या रागाला भिते.

६ ऑक्टोबर, शनिवार

सौ. देवळात गेली होती. शेजारची नरसव्वा आली. पद्मसाळ्यांची, दोघं नवराबायको मागावर बसतात, सुनेला आषाढअखेर मुलगा झाला. हातात पितळी भांडं, वर केळीचं पान झाकलेलं.

"अम्मा न्हाय? देऊन ठेवा तुम्ही. उसनं नेलेलं एरंडेल आहे. बाळाच्या पोटाला लावायला, काजळाला, सगळ्याला अम्मानंच दिलं. दोन महिन्यांचं झालं. आणखी दोन घरचं यायचं आहे, त्या पण आणून देतील."

म्हटलं, किती नेलं होतं?

"मी चार वेळा. गल्लीतल्या दुसऱ्या बाया पण. अम्मा देवमाणूस, कुणाला न्हाय म्हटलं न्हाय." मग चेहरा पाहून म्हणाली, "शनिवार आहे, तेल आणायला नको होतं काय आज?"

म्हटलं, ठेवा.

कोठीत जाऊन डब्यातून पळीभर तेल काढलं. एरंडेलाची धार मधासारखी जड पडते. ही पाण्यासारखी पडली. बोट लावून चाखलं. स्वयंपाकघर.

वकील म्हणवतो स्वतःला. महिनाभर किटल्या भरल्या त्यातून, आणि तरी काठोकाठ भरलेला डबा पाहून मी "घरात काही नाही" असा निकाल दिला! पहिल्या वर्षाच्या पोरानं विचारला असता तो प्रश्न मी विचारला नाही.

७ ऑक्टोबर, रविवार

काल बोलणं झालं ते लिहून ठेवतो. नंतर मी ते सोयीचं करून घेईन म्हणून.

मी पितळी भांडं तिच्यापुढं ठेवलं. तिनं पदर खोचला, बसली.

"आधी वाटीभर दिलं. बाळंतिणीच्या घरून आलेल्या बाईला एरंडेलाला कसं नाही म्हणायचं? मग दुसरी आली. डबा उतरलेला दिसला असता तर तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून वरून करडई घातली. उसनं परत आलं की होईल सारखं, म्हटलं. तेलच आहे की. आपण रोज खातो, मोटारीला काय धाड भरते?"

इथपर्यंत मी समजू शकत होतो. हसलोही असतो, आणखी दहा वर्षांनी.

म्हटलं, आणि मिस्त्रीला चोर म्हणालो, तेव्हा? महिना झाला त्याला.

तिनं भांडं बाजूला सारलं. "पहिल्या दिवशी सांगणारच होते. तुम्ही आल्या आल्या ओरडत होता. दुसऱ्या दिवशीही सांगणार होते."

"मग?"

"मग वाटलं, मिस्त्री गेला की ती मोटारही जाईल." रडत नव्हती. "सहा वर्षं रविवारी तुम्ही त्याच्याबरोबर. त्याच्याशी हसता. घरी आला की वर्तमानपत्र. लग्न होऊन मुलगी बार्शीला गेली, तेव्हापासून या घरात मी आणि तुमचं वर्तमानपत्र. तुमच्या त्या गाडीत मी किती वेळा बसले, सांगा बघू."

दोनदा. एकदा सिद्धेश्वराला, एकदा तिची आई गेली तेव्हा स्टेशनवर. मला उत्तर येत होतं म्हणून दिलं नाही.

लिहून टाकतो: मला सौ.चा राग आला आहे, आणि तो उतरत नाही. तेलाचा नाही. ती महिनाभर मला जेवायला वाढत होती आणि मी ताटावर बसून एका निरपराध माणसाला शिव्या देत होतो, ते ऐकत होती. फसवणूक म्हणतात ती ही. आणि मिस्त्रीची फसवणूक केली ती कुणी? तो राग कुठं ठेवू?

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

घट बसले. अखंड दिव्याला नरसव्वानं आणलेलं एरंडेल घातलंय. शुद्ध आहे. वास घरभर.

आम्ही कामापुरतं बोलतो. मीठ, पोस्टमन, कपडे.

मिस्त्रीकडे जायला पाय उचलत नाही. रोज कोर्टातून येताना वाट वाकडी करून येतो. टांगेवाल्याला कळलंय, विचारत नाही.

१७ ऑक्टोबर, दसरा

गेलो. आपट्याची पानं घेऊन.

दरवर्षी खंडेनवमीला तो हत्यारांची पेटी घेऊन आमच्या अंगणात येतो. घोडी, त्याचे पाने, माझं लेखणीचं ताट, सगळ्याला सौ. एकत्र हळदकुंकू वाहते. काल अंगण रिकामं होतं. सौ.नं घोडीला नुसतं फूल वाहिलं, आत येऊन म्हणाली, "तुम्हीच जा आता." पहिलं नीट वाक्य दहा दिवसांतलं.

दुकानात एकही मोटार नाही. जिथं तीन तीन उभ्या असायच्या तिथं मिस्त्री पाटावर बसून कुणाचातरी स्टोव्ह दुरुस्त करत होता. पिन घालून भोक साफ करत होता. या हातांनी.

पानं पुढं केली. तो उठला, हात पुसले, दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. मला लाज वाटायला एवढं पुरे होतं. मी वयानं मोठा, त्यानं मला द्यायची. पण आज कोण मोठं हे मला ठाऊक होतं.

म्हटलं, मिस्त्री, चूक आमच्या घरात झाली. तेल घरात बदललं. तू म्हणालास तसंच.

"मेरेकू मालूम था साब. किटली तो घर सेच आती थी."

मग त्या दिवशी का नाही बोललास? एवढे लोक होते. एक वाक्य बोलला असतास...

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी काहीतरी फार बालिश विचारलं. "बाजार के दिन, टांगेवालों के सामने, बाईसाब का नाम लेना था क्या मैं?"

मी स्टोव्हकडे पाहत उभा राहिलो. मी घर सांभाळायला त्याला चोर केलं आणि तो माझं घर सांभाळायला चोर झाला.

मग मी वेड्यासारखं विचारलं, घोडी बघशील का?

"सोना लिया साब. माफी बी लिया. गाडी का बाद में." पिन पुन्हा हातात घेतली. "तुम मेरेकू चोर कहाँ बोले?"

इथं.

"कब?"

मंगळवारी. बाजारच्या दिवशी.

"तो मंगळ कू इच जगा आके बोलो, उस्मान चोर नई. बस इतनाच. कैसा बोलना वो तुम देखो. वकील तुम हो."

२१ ऑक्टोबर, रविवार

उस्मान चोर नाही. तीन शब्द. चार दिवस झाले, जमत नाहीत. एवढं बोललो की कुणीतरी विचारणारच, मग वकीलसाहेब, चोर कोण? मी म्हणेन गैरसमज झाला. लोक म्हणतील, सांभाळून घेतोय, वकिलानं मन मोठं केलं. म्हणजे माझीच वाहवा, आणि मिस्त्री चोरच. अर्धं सांगून त्याचं नाव धुतलं जाणार नाही. पुरतं सांगायचं तर माझ्या बायकोचं नाव टांगेवाल्यांच्या तोंडी.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी एका मिनिटात तोड काढली. "तेल्यावर ढकला हो. तेल्यानंच भेसळ करून दिलं म्हणा. तेल्याला कोण विचारतो? मिस्त्री सुटला, घर सुटलं." डॉक्टर चांगला माणूस आहे, मला वाईट सल्ला देतोय असं त्याला वाटतसुद्धा नव्हतं.

आणि मी घरी येईपर्यंत ते वाक्य मनात तयार केलं होतं. "तपासाअंती असं आढळलं की तेल्यानं..." सफाईदार. कोर्टात टिकलं असतं. तो तेली माझ्या लग्नापासून आमच्या घरी तेल घालतोय.

सौ.ला सांगितलं, कसं बोलायचं ते. तेल्याचं. ती पानाचे देठ खुडत होती, ऐकत होती.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

बाजार भरला असेल एव्हाना.

सकाळपासून बैठकीत येरझाऱ्या. कोट चढवला, काढला. साध्या सदऱ्यावर जावं का? कोटातच चोर म्हटलं होतं, कोटातच जायला हवं. पुन्हा चढवला.

दाराशी आलो तर सौ. उभी. हिरवं नऊवारी, डोक्यावरून पदर, निघायच्या तयारीत.

म्हटलं, कुठं?

"तुमच्याबरोबर."

बाजारात? त्या टांगेवाल्यांत? माझ्या घरची बाई रस्त्यावर उभी राहून चारचौघांत कबुली देणार? तुला कळतंय का काय म्हणतेस? बार्शीला कळेल, व्याह्यांना कळेल. माझा आवाज वाढला. तिचा वाढला नाही.

"तुम्ही एकटे गेलात तर गोड बोलून तेल्याच्या गळ्यात घालाल. मला ठाऊक आहे तुम्ही कसं बोलता." मग जरा थांबून, "मिस्त्रीनं माझं नाव घेतलं नाही. मी त्याचं घेईन."

म्हटलं, मी तुला अजून माफ केलेलं नाही.

"मी पण नाही," म्हणाली. "चला."

टांगा बोलावलाय. ती आत देवाला नमस्कार करायला गेलीय आणि मी उभ्यानं हे खरडतोय, कारण परत आल्यावर हेच असं लिहीन याची खात्री नाही. ती म्हणते, पहिलं वाक्य तिचं. तिनं ते बोलल्यावर सगळे माझ्याकडे वळून बघतील, आणि तेव्हा मी काय म्हणणार आहे ते मला अजून ठाऊक नाही. टांग्याची घंटा वाजतेय.